द्विनिलयी हृदयसाहाय्यासाठी लघुपंपांच्या पशुचाचण्या : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : द्विनिलयी साहाय्य, लघुपंप, उजवे निलय, फुप्फुसीय रोध, पशुचाचणी, पुराव्याची मर्यादा

प्रास्ताविक

हृदयविकारासंबंधीचे मराठीतील लेखन प्रामुख्याने आहार, व्यायाम, बायपास आणि झडपा या चौकटीत फिरते. निकामी होत चाललेल्या हृदयाला यंत्राची जोड देण्याच्या प्रयत्नांविषयी आपल्याकडे वर्तमानपत्री कुतूहलापलीकडे फारसे लिहिले गेलेले नाही. जे लिहिले जाते ते बहुधा विजयवार्तेच्या स्वरात असते. 'नाडी नसलेले वासरू चारा खाते', 'बोटाएवढ्या पंपाने हृदय चालवले' अशा शीर्षकांखाली बातमी येते आणि पशूवर यशस्वी झालेले साधन आता माणसापर्यंत पोचण्यास केवळ काळाचाच अवकाश आहे, असे वाचकाला वाटू लागते. प्रस्तुत लेखकाची विद्याशाखा वैद्यक नव्हे. तथापि संशोधन-अहवाल हा एक युक्तिवाद असतो, त्यात गृहीतके, आधार आणि निष्कर्ष असतात, आणि त्या तिहींमधील सांधा तपासण्याचा अधिकार कोणत्याही शाखेच्या अभ्यासकाला आहे, या भूमिकेतून हे विवेचन केले आहे.

विवेचनाचा विषय मर्यादित आहे. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही निलयांना (जुन्या वैद्यकीय मराठीत जवनिकांना) साहाय्य करण्यासाठी दोन लघुपंप बसवायचे आणि त्यांची कसोटी आधी वासरे, मेंढ्या यांवर घ्यायची, ही पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली. या चाचण्या 'हे शक्य आहे' एवढेच सिद्ध करतात. वाचणारे मात्र 'हे उपयुक्त आहे' असा अर्थ घेतात. हे अंतर उजव्या निलयाच्या बाबतीत सर्वांत मोठे आहे, आणि आपल्याकडील रुग्णांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचेही तेच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दोन पंपांचा हिशेब

डावे निलय शुद्ध रक्त महाधमनीतून सर्व शरीरात ढकलते. उजवे निलय अशुद्ध रक्त फुप्फुसांत पाठवते. पहिल्याला सरासरी नव्वद ते शंभर मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध काम करावे लागते, दुसऱ्याला साधारण पंधरा मिलिमीटरच्या. म्हणूनच उजव्या निलयाची भिंत पातळ असते. बहुतेक रुग्णांत डावी बाजू आधी निकामी होते, त्यामुळे पंपही प्रथम डावीकडेच बसवले गेले. परंतु डावा पंप जोरात चालू लागला की शरीरातून परतणारे रक्त वाढते, ते सारे उजव्या निलयावर येऊन पडते, आणि दोन निलयांमधील पडदा डावीकडे ओढला गेल्यामुळे उजव्याच्या आकुंचनाचा आधारही कमी होतो. आधीच दुबळे असलेले उजवे निलय अशा वेळी कोलमडते. डाव्या पंपानंतर उद्भवणारे उजव्या बाजूचे अपयश ही या उपचारातील जुनी आणि अद्याप न सुटलेली अडचण आहे. दुसरा पंप लावण्याची गरज येथून निर्माण होते.

दुसरा पंप आला की प्रश्न तोलाचा होतो. ठाकुर्ली-डोंबिवलीतील कोणत्याही सोसायटीच्या पंपचालकाला हे विज्ञान ठाऊक असते. खालच्या टाकीत येणारे आणि वरच्या टाकीत चढणारे पाणी यांचा मेळ बसला नाही, तर एक टाकी वाहते आणि दुसरा पंप कोरडा फिरून जळतो. हृदयाच्या बाबतीत टाकी वाहून जाण्यास जागा नसते, कारण मंडल बंदिस्त आहे. मिनिटाला पाच लिटर प्रवाह धरला आणि उजवा पंप डाव्यापेक्षा फक्त दोन टक्के जास्त चालला, तर दर मिनिटाला शंभर मिलिलिटर रक्त फुप्फुसांत साचू लागेल. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत एरवी सुमारे अर्धा लिटर रक्त असते. म्हणजे पाच मिनिटांत ते दुप्पट व्हावे. प्रत्यक्षात तसे लगेच होत नाही, याचे श्रेय फिरत्या पात्याच्या पंपांच्या एका गुणाला जाते. फुप्फुसांकडील दाब वाढला की डाव्या पंपाच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक कमी होतो आणि त्याच गतीवर त्याचा प्रवाह वाढतो. तोल काही प्रमाणात आपोआप सावरला जातो. मात्र तो 'काही प्रमाणात'च. उलट बाजूने डाव्या पंपाला पुरेसे रक्त मिळाले नाही तर तो निलयाची भिंतच आपल्या तोंडाशी ओढून घेतो.

यात आणखी एक व्यावहारिक पेच आहे. डाव्या बाजूसाठी घडवलेला पंप उजवीकडे बसवला की त्याचे तोंड उथळ निलयात पलीकडच्या पडद्याला भिडते, आणि कमी रोधामुळे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढतो. बर्लिनमधील शल्यचिकित्सकांनी हार्टवेअर पंपाचा दुहेरी वापर करताना तोंडाशी जाडी देणारी कडी घालून आणि बाहेर जाणारी कृत्रिम नळी बांधून अरुंद करून यावर मार्ग काढला. एका साधनाला दुसऱ्या कामासाठी वाकवण्याची ही रीत आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाने ओळखली जाते, फक्त बर्लिनमध्ये घडल्यामुळे तिला तंत्र म्हणतात. येथे तिला नावे ठेवण्याचा हेतू नाही, तिने रुग्णांना आधार दिला आहे. परंतु उजव्या बाजूसाठी स्वतंत्र लघुपंप घडवला जात नाही, तोवर पशुचाचणीत नेमके काय तपासले जात आहे, पंप की शल्यचिकित्सकाचे हस्तकौशल्य, हा प्रश्न शिल्लक राहतो.

वासराची साक्ष

पंप लघु होत गेले ती कथा मोठी मनोरंजक आहे, पण येथे धावता उल्लेख पुरे. १९५७ मध्ये क्लीव्हलंड येथे विलेम कोल्फ आणि तेत्सुझो अकुत्सु यांनी एका कुत्र्याच्या छातीत संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले व ते सुमारे दीड तास चालले. रिचर्ड वॅम्प्लर यांनी इजिप्तमध्ये पाणी उपसण्याचा स्क्रूचा पंप पाहून तेच तत्त्व रक्तासाठी वापरले आणि त्यातून झालेला हेमोपंप १९८८ मध्ये प्रथम रुग्णाला लावला गेला. रक्त इतक्या वेगाने घुसळले तर तांबड्या पेशी फुटतील ही तोपर्यंतची सार्वत्रिक भीती होती. ती खोटी ठरली, आणि ती खोटी ठरवण्यात वासरांवरील चाचण्यांचा वाटा निर्विवाद आहे. रॉबर्ट जार्विक यांचा 'जार्विक २०००' हा पंप सुमारे नव्वद ग्रॅम वजनाचा, जाड बॅटरी-सेलएवढा, मिनिटाला आठ ते बारा हजार फेरे घेणारा. ह्यूस्टनच्या टेक्सास हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये असे दोन पंप वासराच्या दोन्ही निलयांना लावून पाहण्यात आले व त्याचे अहवाल २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

पुढे त्याच संस्थेतील ओ. एच. फ्रेझियर आणि बिली कोह्न यांनी वासरांची हृदयेच काढून त्या जागी दोन सलग-प्रवाही पंप बसवले. या वासरांना नाडी नव्हती. कान लावला तर ठोक्यांऐवजी यंत्राची गुणगुण ऐकू येई. तरी ती उभी राहत, चारा खात, फिरत्या पट्ट्यावर चालत. मार्च २०११ मध्ये याच जोडणीचा उपयोग एका पंचावन्न वर्षांच्या रुग्णासाठी करण्यात आला. त्यांना अमायलॉइडोसिस हा असाध्य विकार होता. ते सुमारे पाच आठवडे जगले आणि मूळ व्याधीने गेले.

या साक्षीचे मोल कमी लेखता येणार नाही. नाडीविना सस्तन प्राणी जगू शकतो, ही गोष्ट केवळ गणिताने किंवा काचेच्या नळ्यांतील पाणी-ग्लिसरीनच्या कृत्रिम मंडलाने पटली नसती. परंतु साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते त्याच्याकडून वदवून घेणे न्यायालयात चालत नाही. वासराला पुढील गोष्टी ठाऊक नसतात.

पहिली म्हणजे आजार. चाचणीतील वासरू निरोगी असते. त्याचे हृदय, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसे धडधाकट असतात. विकार निर्माण करण्यासाठी हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद करणे, अतिजलद ठोके चालवणे किंवा निलये थरथरत ठेवणे असे उपाय केले जातात. त्यातून 'दुबळे हृदय' मिळते, वर्षानुवर्षे फुप्फुसांकडे साचलेल्या रक्ताने बदललेल्या रक्तवाहिन्या मिळत नाहीत. द्विनिलयी साहाय्याची ज्याला गरज भासते त्या रुग्णाचा मुख्य प्रश्न तर तोच असतो.

दुसरी गोष्ट वासराच्या फुप्फुसांची. गोवंशात प्राणवायू कमी झाला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या फार तीव्रतेने आकुंचन पावतात. कोलोरॅडोच्या उंच पठारावरील गुरांना या कारणाने उजव्या हृदयाचे अपयश येऊन गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरते, हा विकार पशुवैद्यांना फार पूर्वीपासून ज्ञात आहे. म्हणजे उजव्या बाजूच्या पंपाची कसोटी पाहण्यासाठी आपण असा प्राणी निवडतो, ज्याची फुप्फुसे एरवी माणसाहून सुदृढ आणि शस्त्रक्रियेच्या धकाधकीत माणसाहून अधिक हळवी असतात. दोन्ही चुका परस्परांना छेद देतील अशी आशा बाळगणे हे शास्त्र नव्हे.

याखेरीज वासरू चौपायी आहे. माणूस निजतो, उठतो, जिना चढतो आणि दर वेळी त्याच्या शरीरातील रक्ताची वाटणी बदलते. दोन पंपांचा तोल सर्वाधिक ढळतो तो अशाच क्षणी. वासरू वाढतेही भराभर. दिवसाला अर्धा-पाऊण किलो किंवा त्याहून अधिक वजन वाढल्यावर तीन महिन्यांच्या चाचणीअखेर पंप तोच आणि प्राणी मात्र निराळाच, अशी अवस्था येते. त्यामुळे दीर्घ चाचण्यांत मेंढी पसंत केली जाते. मेंढीची छाती मात्र अरुंद, आणि तिच्या रक्तातील गुठळ्या होण्याची प्रक्रिया माणसासारखी नाही.

हा शेवटचा मुद्दा काल्पनिक नाही. सलग-प्रवाही पंपांवरील रुग्णांना आतड्यांतून रक्तस्राव होतो, त्याचा संबंध रक्त गोठवणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाच्या साखळ्या पंपात तुटण्याशी आहे, ही गोष्ट प्रामुख्याने रुग्णांतूनच ध्यानात आली. हार्टवेअर पंप २००६ मध्ये प्रथम माणसाला बसवला गेला, २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि जून २०२१ मध्ये मेड्ट्रॉनिक कंपनीने त्याची विक्री थांबवली. पक्षाघातादी मेंदूच्या गुंतागुंती व मृत्यू यांचे तुलनेने जास्त प्रमाण, तसेच थांबलेला पंप पुन्हा सुरू न होण्याच्या घटना, ही त्यामागील कारणे होती. दोन्ही निलयांसाठी जगभर वापरला गेलेला लघुपंप हाच होता. त्याचे दोष कळण्यास हजारो माणसांची वर्षे लागली. काही आठवड्यांच्या पशुचाचणीत ते दिसले नाहीत याचा दोष वासरांना देता येत नाही.

परळ, १९६५ आणि १९६८

येथवरचे विवेचन परदेशी उदाहरणांवर झाले, परंतु या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. त्याची आठवण आपल्या विद्यापीठीय चर्चांत क्वचितच निघते, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. येथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय-रक्तवाहिन्यांच्या शल्यशाखेची उभारणी केली. १९६५ मध्ये डॉ. सेन, डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. शरद पांडे आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किणारे यांच्या नावे 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात कुत्र्यांमधील हृदयप्रत्यारोपणावरील एक अहवाल प्रसिद्ध झाला. तो शंभर प्रयोगांचा होता आणि त्याने स्वतःला 'प्राथमिक' म्हणवले होते. शंभर प्रयोगांनंतरही 'प्राथमिक' हे विशेषण वापरणाऱ्या मंडळींचा संयम आज दुर्मीळ आहे. त्याच वर्षी याच परिवाराने, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्यासह, हृदयस्नायूला सुईने छिद्रे पाडून रक्तपुरवठा करण्याची कल्पना मांडली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात स्नायूला निलयातूनच थेट रक्त मिळते, या निरीक्षणावर ती आधारलेली होती. पुढे लेसरच्या युगात जगाने तिची पुन्हा दखल घेतली.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. सेन यांनी मानवी हृदयप्रत्यारोपण केले. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेस अडीच महिनेही झाले नव्हते. जगातील हे सहावे आणि आशियातील पहिले प्रत्यारोपण. भारतात तेव्हा मेंदुमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, ती १९९४ च्या कायद्याने आली. रुग्ण सुमारे तीन तास जगला. फुप्फुसांमधील रक्तवाहिन्यांचा वाढलेला रोध, त्यापुढे नव्या हृदयाची उजवी बाजू टिकू न शकणे, हे त्यामागील कारण म्हणून सांगितले जाते. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही.

शंभर कुत्र्यांनी टाके कसे घालावेत, हृदय किती वेळ थंड ठेवावे, ठोके पुन्हा कसे सुरू करावेत हे शिकवले होते. त्यांतील ग्राहक कुत्र्यांची फुप्फुसे मात्र निरोगी होती. निरोगी फुप्फुसांवर शंभरदा यशस्वी झालेली जोडणीही आजारी फुप्फुसांविषयी काहीच सांगू शकत नाही, आणि आकडा शंभराचा हजार केला असता तरी ते सांगता आले नसते. प्रयोगांची संख्या वाढवून पुराव्यातील ही उणीव भरून निघत नाही, कारण ती संख्येची उणीव नाही. डॉ. सेन यांच्या धाडसावर टीका करण्यासाठी हे लिहिलेले नाही. त्या काळी या रोधाचे गांभीर्य जगात कोठेच पुरते उमगलेले नव्हते आणि प्रत्यारोपणापूर्वी त्याचे मापन करण्याची शिस्त अशाच अनुभवांतून पुढे आली. परंतु साठ वर्षांनंतर उजव्या निलयासाठीच्या पंपाची कसोटी निरोगी फुप्फुसांच्याच प्राण्यांवर घेऊन आपण समाधानी होणार असू, तर परळचा धडा आपण गिरवला नाही असे म्हणावे लागेल.

आपल्याकडे या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. सांधेतापानंतर झडपा खराब होण्याचा विकार भारतात अद्याप आढळतो. डावीकडील झडप आकसली की वर्षानुवर्षे फुप्फुसांकडील दाब चढत राहतो व अखेर उजवे निलय थकते. कल्याण, शहापूर, मुरबाडकडील असा रुग्ण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात उशिराच पोचतो. अमेरिकेत चाचणीस निवडला जाणारा रुग्ण बहुधा हृदयधमनीच्या विकाराचा असतो. म्हणजे वासरू ते अमेरिकन रुग्ण हे एक अंतर, आणि अमेरिकन रुग्ण ते मुरबाडचा रुग्ण हे दुसरे. दुसऱ्या अंतराची चर्चा ह्यूस्टनच्या अहवालात असण्याचे कारण नाही. ती येथेच व्हावयास हवी. कानपूरच्या आयआयटीने 'हृद्यंत्र' नावाने स्वदेशी पंपाचा प्रकल्प हाती घेतलेला असताना तर ती अधिकच निकडीची ठरते. परदेशी पंपाचा खर्च कोटीच्या घरात जात असल्याने अशा प्रकल्पाचे स्वागतच करावयास हवे.

आणि हृदये मिळत नाहीत, हे तर उघडच आहे. १९६८ नंतर मुंबईत पुढचे हृदयप्रत्यारोपण व्हायला २०१५ साल उजाडले. ३ ऑगस्ट २०१५ रोजी मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी पुण्यातील दात्याचे हृदय आणवून ते केले. ठाकुर्लीहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर ही सोय झाली, परंतु प्रतीक्षेतील रुग्ण तोवर जगला पाहिजे. पंपाची खरी गरज त्या प्रतीक्षेत आहे.

अहवालांची भाषा

पशुचाचण्यांचे अहवाल वाचताना भाषेच्या अभ्यासकाला काही गोष्टी खटकल्याशिवाय राहत नाहीत. प्राण्याला नाव नसते, क्रमांक असतो. मृत्यूला मृत्यू म्हटले जात नाही. इंग्रजी अहवालात प्राण्याला 'सॅक्रिफाइस' केलेले असते किंवा चाचणी 'नियोजितपणे समाप्त' केलेली असते. पहिल्या शब्दाचा आपल्याकडे 'बळी देणे' असा अनुवाद केला की त्याचा कोडगेपणा आपोआप उघडा पडतो, कारण मराठीत बळी कोणाला तरी, कशासाठी तरी दिला जातो आणि देणाऱ्यावर त्याचे ऋण राहते. इंग्रजी क्रियापदात हे ऋण उरलेले नाही. कर्मणी प्रयोगाने कर्ताही नाहीसा केलेला असतो.

भाषेचा हा दोष शैलीपुरता असता तर सोडून देता आला असता. तो गणितापर्यंत पोचतो. 'तांत्रिक कारणाने शस्त्रक्रियेतच दगावलेले प्राणी विश्लेषणातून वगळले' हे वाक्य अशा वाङ्मयात अपरिचित नाही. आठ वासरांपैकी तीन टेबलावरच गेली आणि उरलेल्या पाचही जणांनी ठरलेला काळ पूर्ण केला, असे समजू. 'पाचपैकी पाच' आणि 'आठपैकी पाच' ही दोन्ही विधाने सत्यच ठरतील. परंतु द्विनिलयी जोडणीत शस्त्रक्रिया अधिक लांबते, जोड दुप्पट असतात, आणि तांत्रिक मृत्यू हा तिचा बाह्य अपघात नसून तिच्या स्वरूपाचाच भाग असू शकतो. अशा ठिकाणी छेद निवडण्याचे स्वातंत्र्य लेखकाला देणे म्हणजे निष्कर्ष निवडण्याचे स्वातंत्र्य देणे होय.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशात आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली कृत्रिम झडप घडवली गेली. तिची पहिली तीन प्रारूपे अपयशी ठरली. चौथ्या प्रारूपात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती वापरली, मेंढ्यांवर तिची कसोटी झाली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. तीन अपयशांची हकीकत त्या झडपेच्या इतिहासाचा भाग म्हणून उघडपणे सांगितली जाते, आणि चौथ्या प्रारूपावरचा आपला विश्वास त्या हकीकतीमुळेच वाढतो. अर्थात झडप आणि दुहेरी पंप यांची तुलना मर्यादेतच करावी. झडपेला तोल सांभाळावा लागत नाही.

पूर्वपक्षाचा विचार

वरील विवेचनातून पशुचाचण्या निरर्थक आहेत असा अर्थ काढला जाण्याचा संभव आहे. प्राणिमित्र संघटनांचा एक वर्ग तसाच युक्तिवाद करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ व २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गातील विच्छेदनाला आवर घातला, तेव्हा आपल्या महाविद्यालयांतही ही चर्चा झाली आहे. परंतु अध्यापनासाठीचे विच्छेदन आणि साधनाची पूर्वचाचणी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. बेडकाच्या आत काय आहे हे ठाऊक असते. वासरात दोन पंप लावल्यावर काय होईल हे ठाऊक नसते.

शिवाय चाचणी टाळली तर जोखीम नाहीशी होत नाही, ती रुग्णाकडे सरकते. ४ एप्रिल १९६९ रोजी ह्यूस्टन येथे डेन्टन कूली यांनी डोमिंगो लिओट्टा यांच्यासह जगातील पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय रुग्णाला बसवले. त्यापूर्वी त्याची चाचणी सात वासरांवर झाली होती आणि एकही वासरू दोन दिवस पुरते जगले नव्हते. यंत्राने त्या रुग्णाला ६४ तास तगवले, त्यानंतर मिळालेल्या मानवी हृदयासह तो दुसऱ्याच दिवशी मरण पावला. वासरांची साक्ष येथे स्पष्ट आणि प्रतिकूल होती, ती ऐकली गेली नाही. पशुचाचणीचे निष्कर्ष अनुकूल असले की निर्णायक आणि प्रतिकूल असले की 'प्राण्यातील परिस्थिती वेगळी असते', ही दुटप्पी वृत्ती त्या काळापुरती होती असे मानण्यास आधार नाही.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, घट व सौम्यीकरण ही त्रिसूत्री आता सर्वमान्य आहे. द्विनिलयी पंपांच्या बाबतीत तिचा अर्थ ठोसपणे लावता येतो. तोल, नळीची रुंदी, गतीचा पल्ला हे प्रश्न कृत्रिम मंडलावर, वाढवलेल्या फुप्फुसीय रोधासह, आधीच सोडवता येतात. त्यासाठी वासरू खर्ची घालण्याचे कारण नाही. जो प्रश्न जिवंत रक्त आणि ऊतींशिवाय सुटत नाही, तेवढ्यासाठीच प्राणी वापरावा आणि त्याच्यात तो प्रश्न उपस्थित असावा, म्हणजे फुप्फुसांकडील दाब आधी वाढवलेला असावा. असे प्रारूप कठीण आहे, त्यात प्राणी जास्त दगावतील आणि यशाचा आकडा खाली येईल. अहवाल लिहिणाऱ्याला ते रुचणार नाही हे उघड आहे. ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल टिम्स यांनी घडवलेले 'बायवॅकॉर' हे चुंबकीय तरंगत्या चक्राचे कृत्रिम हृदय मेंढ्या व वासरांवरील दीर्घ चाचण्यांनंतर जुलै २०२४ मध्ये ह्यूस्टनमध्ये प्रथम माणसाला बसवले गेले. त्यात एकच चक्र दोन्ही बाजूंची पाती फिरवते आणि दाबानुसार किंचित सरकून तोल साधते. दोन सुट्या पंपांपेक्षा ही कल्पना अधिक विचारपूर्वक वाटते. मात्र त्यासाठी रुग्णाचे हृदय काढून टाकावे लागते, तेव्हा ज्याचे हृदय सावरण्याची थोडी तरी आशा आहे त्याच्यासाठी लघुपंपांचा प्रश्न तसाच उभा राहतो.

नैतिक समिती आणि बिगरवैज्ञानिक सदस्य

प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि त्याखालील १९९८ चे नियम यांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेत नैतिक समिती असावी लागते. मोठ्या प्राण्यांवरील प्रस्ताव केंद्रीय समितीकडे पाठवावे लागतात. संस्थेच्या समितीत वैज्ञानिक, पशुवैद्य यांच्याबरोबर एक सामाजिक जाण असलेला बिगरवैज्ञानिक सदस्यही असतो. ही जागा बहुधा शोभेची मानली जाते. इतिहास, तत्त्वज्ञान, वाणिज्य, भाषा या विषयांचे प्राध्यापक तेथे जाऊ शकतात, आणि सांख्यिकीचा शिक्षक गेला तर फारच उत्तम. प्रवाहाचे आलेख समजले नाहीत तरी काही प्रश्न त्याला विचारता येतील. निवडलेल्या प्राण्याची फुप्फुसे ज्या रुग्णासाठी हे चालले आहे त्याच्यासारखी आहेत का? शस्त्रक्रियेत दगावलेले प्राणी छेदात मोजले जाणार आहेत का? चाचणी कोणत्या निकालावर थांबवली जाईल, हे ती सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवले आहे का? प्रतिकूल निष्कर्ष कोठे प्रसिद्ध होणार? या प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदवण्याचा आग्रहही त्या सदस्याने धरावा.